बोअर रिचार्ज: पाणी आत सोडण्याआधी पाणी तपासा

छपरावरचं पाणी बोअरमध्ये सोडलं की बोअर भरतं, एवढंच सांगून बरेच जण पाइप जोडून मोकळे होतात. दोन पावसाळे जातात आणि पूर्वी तासभर चालणारी मोटर अर्ध्या तासात हवा ओढायला लागते. दोष रिचार्जचा नसतो, आत गेलेल्या पाण्याचा असतो. बोअर म्हणजे टाकी नव्हे. खडकातल्या फटींकडे जाणारी ती एक वाट आहे आणि ती गाळाने बुजली की पुन्हा पूर्ण मोकळी होणं अवघड असतं. म्हणून या कामात पाइप, फिल्टर, खड्डा हे सगळं नंतर, आधी पाणी.

हे तेलक्षेत्रातल्या लोकांना नेमकेपणाने माहीत आहे. तेल उपसलं की खडकातला दाब उतरतो, म्हणून वेगळ्या विहिरींतून पाणी दाबाने आत सोडतात आणि उरलेलं तेल उत्पादन विहिरींकडे ढकलतात. अरबी समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्रात यासाठी समुद्राचं पाणी वापरतात, पण तसंच्या तसं कधीच नाही. ते बारीक गाळतात, त्यातला प्राणवायू काढून टाकतात, जंतुनाशक मिसळतात आणि मगच चुनखडकात सोडतात. पाणी किती स्वच्छ आहे हे बघायला ०.४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) छिद्रांच्या पटलातून ठरलेल्या दाबाने ते गाळतात आणि वेग किती झपाट्याने घटतो ते मोजतात. आपल्या घरच्या बोअरला एवढा थाट लागत नाही. पण पाणी खडक कसा बुजवतं, त्याचे नियम दोन्हीकडे एकच.

फट बुजते म्हणजे काय होतं

कोल्हापूरच्या पायाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. अखंड पाषाणात पाणी राहत नाही. ते राहतं मुरमात, मांजऱ्या (बारीक भोकाभोकांच्या) खडकात, दोन थरांच्या सांध्यात आणि भेगांत. दोनअडीचशे फुटांच्या बोअरला बहुतेक वेळा दोनतीन फटीच पाणी देतात. म्हणजे बोअरची सगळी मिजास त्या दोनतीन फटींवर.

गुळगुळीत समांतर फटीतून वाहणारं पाणी तिच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात असतं. फट निम्मी झाली तर पाणी निम्मं होत नाही, आठव्या हिश्श्यावर येतं. शिवाय पाणी बोअरमधून सगळ्या बाजूंना सारखं पसरतं असं धरलं, तर शंभर मीटर अंतरापर्यंत जो एकूण विरोध होतो त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पहिल्या एका मीटरमध्येच असतो. गाळही नेमका तिथेच साचतो. त्यामुळे थोड्या गाळाने मोठं नुकसान होतं.

आता हिशोब करा. १०० चौरस मीटर छप्पर, वर्षाला १००० मिमी पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती लागलं तर ८०,००० लिटर पाणी. त्यात लिटरला फक्त ५० मिलिग्रॅम गाळ असला, म्हणजे ग्लासात जेमतेम जाणवेल इतका, तरी एका पावसाळ्यात ४ किलो गाळ आत जातो. बसलेला गाळ सव्वातीन लिटर जागा व्यापतो. एक मिलिमीटर रुंदीची आडवी फट बोअरभोवती एक मीटरपर्यंत ठासून भरायला जवळपास एवढाच गाळ लागतो.

कोणता कण कुठे अडतो याचा तेलक्षेत्रातला ठोकताळा असा: वाटेच्या रुंदीच्या एकतृतीयांशाहून मोठे कण तोंडाशीच अडकतात, एकसप्तमांशाहून लहान कण सहसा पार होतात, आणि मधल्या मापाचे कण आत शिरून बसतात. दारातून तीन माणसं खांद्याला खांदा लावून एकदम शिरायला गेली की अडकतात, तसंच. तोंडाशी अडलेला गाळ उपशाने परत ओढून काढता येतो. आत बसलेला फारसा येत नाही. फट जिथे ०.१ मिमीपर्यंत चिंचोळी होते तिथे १४ ते ३३ मायक्रॉनचे कण हे काम करतात. आपल्या छपरावरची बारीक धूळ बरीचशी याच मापाची.

पहिली पायरी: या बोअरला रिचार्ज हवंय का

दिवाळीच्या सुमारास बोअरमधली स्थिर पातळी मोजा. पाणी जमिनीपासून दहा फुटांच्या आत असेल तर रिचार्जची गरज नाही. शिरोळ तालुक्यात नदीकाठच्या क्षारपड जमिनींत तर उलटा प्रकार आहे. तिथे पाणी बाहेर काढणारा निचरा हवा, आत सोडणारा पाइप नको.

शोषखड्डा किंवा संडासाची टाकी पन्नास फुटांच्या आत असेल तर थांबा. केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप, मुरूम आणि तांबडा थर ओलांडून टणक खडकात बसलेली असली पाहिजे. ती वरच संपली असेल तर आत सोडलेलं पाणी मुरूम धुऊन खाली नेतं, मग वर कितीही चांगला फिल्टर बांधा.

आणि शेतातलं, रस्त्यावरचं, ओढ्याचं पाणी बोअरमध्ये सोडू नका. काळ्या मातीचा गढूळपणा, खतातलं नायट्रेट, फवारणीची औषधं, सगळं थेट पिण्याच्या पाण्यात जातं. शेतातलं पाणी मुरवायचं तर उघडी विहीर बरी, तीही मोठी गाळण करून. विहिरीतला गाळ माणूस उतरवून काढता येतो, बोअरमधल्या फटीतला काढता येत नाही.

दुसरी पायरी: बोअर किती पाणी पितं ते नोंदवून ठेवा

ही चाचणी बहुतेक जण टाळतात आणि नंतर बोअर बिघडलं की नाही हेच कळत नाही. मे महिन्यात करा. बारा तास मोटर बंद ठेवा. दोन पदरी वायरची टोकं उघडी करून, वजन बांधून बोअरमध्ये सोडा, वरची टोकं मल्टिमीटरला जोडा. टोकं पाण्याला टेकली की काटा हलतो. वायरवर दर पाच फुटांना खूण हवी. मोटरची वीज मुख्य स्विचपासून बंद करूनच हे करायचं.

सहा इंची बोअरमध्ये फुटाला साधारण साडेपाच लिटर पाणी मावतं, साडेसहा इंचीत साडेसहा लिटर. पाणी १०० फुटांवर असेल तर सहा इंची बोअरमध्ये वरची मोकळी जागा साडेपाचशे लिटरची. तेव्हा टाकीतलं ४०० ते ५०० लिटर स्वच्छ पाणी एकदम सोडा आणि १, २, ५, १०, १५, ३०, ६० मिनिटांनी पातळी लिहा. वर चढलेली पातळी निम्मी उतरायला किती वेळ लागला तो आकडा वहीत ठळक लिहून ठेवा. दरवर्षी त्याच पद्धतीने, तेवढंच पाणी घेऊन, आणि सुरुवातीची पातळीही लिहून ठेवून हीच चाचणी करायची.

पहिल्याच वेळी तासाभरात पातळी हललीच नाही तर ते बोअर पाणी घेणारं नाही. तिथे पैसे घालू नका.

तिसरी पायरी: पाण्याची परीक्षा

पाऊस सुरू झाल्यावर छपराच्या पाइपाखाली लिटरच्या पारदर्शक बाटल्या धरा: सुरुवातीलाच एक, दहा मिनिटांनी एक, वीस मिनिटांनी एक, तीस मिनिटांनी एक. वर वेळ लिहून चोवीस तास हलवू नका. तळाला किती थर बसला ते तर बघाच, पण वरचं पाणी अजून धुरकट आहे का ते जास्त महत्त्वाचं. तळाला बसणारा गाळ टाकीत अडवता येतो. एक दिवसानंतरही तरंगणारी चिकणमाती टाकीत अडत नाही.

मग गाळणकागद. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथे व्हॉटमन नंबर १ हा कागद मिळतो, तो साधारण ११ मायक्रॉनचे कण धरतो. नरसाळ्यात बसवून एकाच कागदातून १०० मिलिलिटरचे दहा माप ओता आणि प्रत्येकाला लागलेला वेळ लिहा. फिल्टरमधून आलेल्या पाण्याचं दहावं माप पहिल्याच्या दुपटीहून जास्त वेळ घेत असेल, तर ते पाणी बोअरसाठी अजून तयार नाही. कागद बुजतो त्याच कारणाने फट बुजणार आहे.

तिसरी परीक्षा दोन पाण्यांच्या मेळाची. बोअरचं ताजं पाणी आणि पावसाचं पाणी निम्मं-निम्मं एका बाटलीत दोन दिवस ठेवा. शेजारी दोन्ही पाणी वेगवेगळी ठेवा. मिश्रणात तांबूस साका आला तर बोअरच्या पाण्यात विरघळलेलं लोह आहे आणि पावसाच्या पाण्यातल्या प्राणवायूने ते गंजासारखं बाहेर पडतंय. हा साका फटीत बसतो आणि त्यावर लोहजंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. तेलक्षेत्रात समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट आणि खडकातल्या पाण्यातलं बेरियम भेटलं की बेरियम सल्फेटचा दगडासारखा थर बसतो, तोही असाच न पटणाऱ्या पाण्यांचा परिणाम.

चौथी परीक्षा बोअर नवीन मारलं असेल तर सोपी. खोदताना निघालेल्या तांबड्या थराचा आणि मुरमाचा चुरा जपून ठेवलेला असला तर त्याचे वाळलेले खडे दोन काचेच्या ग्लासांत टाका, एकात पावसाचं पाणी, दुसऱ्यात बोअरचं. ढवळू नका. बोअरच्या पाण्यात खडा टिकला आणि पावसाच्या पाण्यात त्याच्याभोवती दुधाळ ढग पसरला, तर आतली चिकणमाती गोड्या पाण्याने सुटी होणारी आहे. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात. क्षार कमी झाले की चिकणमातीचे कण एकमेकांना सोडतात, काही जाती फुगतात आणि सुटलेले कण पुढच्या चिंचोळ्या जागी जाऊन बसतात. पाणी आरशासारखं स्वच्छ असूनही बोअर बुजतं ते असं. उपाय दोन: केसिंग त्या थराच्या खाली नेणं, आणि फिल्टरमध्ये चुनखडीच्या खड्यांचा अर्ध्या फुटाचा थर देऊन पाण्यात थोडं कॅल्शियम येऊ देणं.

कोल्हापुरातली छपरं

छप्पर कुठे आहे यावर पाण्याची जात ठरते. साखर कारखान्याच्या वाऱ्याच्या दिशेला असाल तर गळीत हंगामभर बगॅसची (उसाच्या चिपाडाची) काळी राख छपरावर बसते, गुऱ्हाळाजवळ काजळी. मे अखेर छप्पर आणि पन्हळ झाडून, धुऊन काढा आणि ते पाणी बागेत सोडा.

शिरोली, गोकुळ शिरगाव या फाउंड्रीच्या पट्ट्यात जास्त सावध राहायला हवं. साच्यांच्या ओलसर वाळूत (ग्रीन सँड) बेंटोनाइट आणि कोळशाची पूड असते, आणि शेडच्या आसपासच्या पत्र्यांवर तीच धूळ बसते. बेंटोनाइट ही चिकणमाती पाण्यात फुगते. तेलविहीर खोदताना भिंतीतून पाणी झिरपू नये म्हणून मुद्दाम जो चिखल वापरतात, त्यातला मुख्य माल हाच. अशा छपराचं पाणी बोअरमध्ये सोडूच नये. साठवून धुण्या-पुसण्याला, बांधकामाला वापरावं.

कौलारू छपराला शेवाळ आणि पालापाचोळा जास्त येतो, पत्रा लवकर धुतला जातो, स्लॅबवर पक्ष्यांची विष्ठा साचून राहते. स्लॅबला नुकतंच वॉटरप्रूफिंग केलं असेल तर तो एक पावसाळा सोडून द्या.

वळवाचं पाणी कधीच आत घेऊ नका, त्यात उन्हाळाभराची धूळ असते. मृगाचे पहिले पाऊस छप्पर धुण्यासाठी जाऊ द्यात. आर्द्रापासून, झड बसल्यावर येणारं पाणी सगळ्यात चांगलं.

चौथी पायरी: बांधणी

छपरावरून ११० मिमीचा पीव्हीसी पाइप, तोंडाशी जाळी. खाली येताच पहिलं पाणी वेगळं काढायची सोय. १०० चौरस मीटरला पहिल्या २ मिमी पावसाचे २०० लिटर सोडून द्यायचे. खाली व्हॉल्व्ह असलेला २०० लिटरचा बॅरल उभा केला की तो आधी भरतो आणि त्यानंतरचंच पाणी पुढे जातं. पाऊस चारपाच दिवस उघडला की बॅरल पुन्हा रिकामा करून ठेवायचा, हे विसरलं तर ती सोय असून नसल्यासारखी.

पुढे गाळ बसवायची टाकी, हजार लिटरची. तासाला ५० मिमीचा जोरदार पाऊस १०० चौरस मीटरवर पडला तर मिनिटाला ८३ लिटर पाणी येतं, म्हणजे टाकीत ते १२ मिनिटं थांबतं. ५० मायक्रॉनचा कण एक मीटर खाली बसायला सातएक मिनिटं घेतो, २० मायक्रॉनचा चाळीसएक मिनिटं, आणि २ मायक्रॉनची चिकणमाती जवळपास तीन दिवस. टाकी जाड गाळ अडवते, बस्स. ज्या मापाचे कण फटीत बसतात ते तिच्यातून निसटतात. म्हणून वाळूचा फिल्टर लागतोच.

फिल्टरला चार फुटी आरसीसी रिंग घ्या. वाळूच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला ५ हजार लिटर हा वेग धरला तर चार फुटी रिंगमधून मिनिटाला ९५ लिटर सुखाने जातं. २०० लिटरच्या ड्रमचा फिल्टर बाजारात सर्रास दिसतो, पण त्याच वेगाने तो मिनिटाला २१ लिटरच घेतो. त्यातून ८३ लिटर ढकलले की वाळू उकरली जाते आणि पाणी कडेने तसंच खाली उतरतं. ड्रमच लावायचा असेल तर जादा पाणी आपोआप बाहेर जाईल असा ओव्हरफ्लो ठेवा.

थर खालून वर: २० मिमी खडी सहा इंच, ६ मिमी बारीक खडी सहा इंच, त्यावर ०.५ ते १ मिमी चाळलेली वाळू दीड फूट. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, क्रश सँड मिळते आणि तिच्यात दगडाची पूड भरपूर असते. बादलीत घेऊन, हाताने घोळून, वरचं पाणी निवळ येईपर्यंत धुवा. आठदहा पाणी तरी लागतात. न धुतलेल्या क्रश सँडचा फिल्टर पहिल्याच पावसात स्वतःचीच पूड बोअरमध्ये ओततो.

आपल्याकडे बोअरभोवती खड्डा काढून, केसिंगला भोकं पाडून, जाळी गुंडाळून, वर खडी-वाळू भरायची पद्धत रूढ आहे. स्वस्त आहे, पण जाळी बुजली की ती साफ करायला अख्खा खड्डा उपसावा लागतो, आणि फिल्टर चुकवून शिरलेलं गढूळ पाणी सरळ भोकांतून आत जातं. फिल्टर बोअरपासून वेगळा ठेवा. बोअरमध्ये जाणाऱ्या पाइपावर एक व्हॉल्व्ह हवा, म्हणजे शंका आली की बंद करता येतं.

शेवटचा तुकडा लहान पण महत्त्वाचा. पाणी बोअरच्या तोंडातून धबधब्यासारखं आत पडू देऊ नका. पडताना ते हवा घेऊन जातं, बुडबुडे फटीत अडकतात आणि पाणी तुंबतं. एक इंची एचडीपीई पाइप उन्हाळ्यातल्या पातळीच्याही खाली सोडा आणि खालचं तोंड थोडं अरुंद करा, म्हणजे पाइप भरलेला राहतो.

पावसाळ्यात काय करायचं

फिल्टरवर पाणी तुंबायला लागलं की वरची एक इंच वाळू खरवडून काढा. चार-पाच वेळा खरवडल्यावर नवी धुतलेली वाळू भरा. दर पंधरा दिवसांनी मोटर चालू करून पहिलं वीस-तीस मिनिटांचं पाणी बाहेर सोडा. तोंडाशी अडलेला गाळ यानेच परत येतो. या पाण्याचा रंग बघा: दर वेळी जास्त वेळ गढूळ येत असेल तर फिल्टर कुठेतरी फुटलाय.

पावसाळा संपल्यावर एकदा ब्लीचिंग पावडर. २०० फूट पाण्याचा स्तंभ असलेल्या सहा इंची बोअरमध्ये ११०० लिटर पाणी असतं. त्याला ३३ टक्के क्लोरीनची पावडर १७० ग्रॅम, बादलीत कालवून, निवळ भागच आत ओता. रात्रभर ठेवा, आणि सकाळी वास जाईपर्यंत उपसून टाका. तोवर ते पाणी कुणी पिऊ नये.

बोअरने पाणी घेणं कमी केलं तर

कसं कमी झालं यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. एकदोन जोरदार पावसांतच पातळी तुंबायला लागली तर गाळ. पाणी सोडताना तुंबतं आणि आठवडाभर विश्रांती दिली की सुधारतं, तर हवा. कित्येक आठवड्यांत हळूहळू घटलं आणि मोटरच्या पाइपाला तांबूस बुळबुळीत थर दिसला तर लोहजंतू. स्वच्छ पाणी असूनही पहिल्याच हंगामात घटलं आणि परत सुधारलंच नाही, तर चिकणमाती सुटलीय.

गाळावर कॉम्प्रेसर मारून फ्लशिंग करतात, म्हणजे दाबाच्या हवेने बोअर धुऊन काढतात. तेही लवकर केलं तरच उपयोग होतो, वर्षभर बसलेला गाळ घट्ट होतो. लोहजंतूंवर क्लोरीन आणि त्यानंतर फ्लशिंग. बोअरमध्ये ॲसिड ओतायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: केसिंग, मोटर आणि ओतणारा माणूस तिघांनाही धोका, आणि पाषाणातल्या चिकणमातीवर त्याचा फारसा परिणामही होत नाही. हायड्रोफ्रॅक्चरिंगने दाबाचं पाणी सोडून फटी उघडता येतात. त्याआधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात विचारा आणि मे महिन्यातल्या चाचणीची वही सोबत न्या. चिकणमाती सुटलेल्या बोअरमध्ये मात्र व्हॉल्व्ह बंद करून पावसाचं पाणी साठवण टाकीकडे वळवणं हेच शहाणपणाचं. आणखी पाणी सोडाल तर उरलेली फटही जाईल.